डॉक्टरांची पाटी कशी वाचावी: नोंदणी क्रमांकापासून शेवटच्या अक्षरापर्यंत

लालबागच्या चाळीत तळमजल्यावरचा दवाखाना असो की अंधेरीच्या टॉवरमधलं पॉलिक्लिनिक, दारावरची पाटी साधारण सारखीच असते. नाव, नावापुढे अक्षरांची रांग आणि खाली सकाळ-संध्याकाळची वेळ. आपण बहुतेकजण त्यातली वेळ तेवढी वाचतो. पण डॉक्टर काय शिकलेत, कुठे शिकलेत आणि कोणत्या आजारासाठी त्यांच्याकडे जावं, हे सगळं त्या अक्षरांमध्येच असतं. ते वाचायला डॉक्टर असावं लागत नाही, क्रम मात्र माहीत हवा.

एक गोष्ट आधीच सांगतो. छातीत कळ आलीय, अपघात झालाय, लहान मुलाला झटके येताहेत, अशा वेळी पदव्या तपासत बसू नका. जवळचं मोठं रुग्णालय गाठा. हे मार्गदर्शन हाताशी वेळ असताना डॉक्टर निवडण्यासाठी आहे: घरचा डॉक्टर ठरवताना, स्पेशालिस्टची चिठ्ठी मिळाल्यावर, ऑपरेशन ठरल्यावर.

आधी नंबर, मग पदव्या

पाटी उलटी वाचायला शिका. पदव्यांकडे नंतर बघा, आधी नोंदणी क्रमांक शोधा. २००२ च्या वैद्यकीय आचारसंहितेनुसार डॉक्टरने हा क्रमांक दवाखान्यात लावायचा असतो. प्रिस्क्रिप्शन, सर्टिफिकेट आणि फीच्या पावतीवरही तो हवा. पाटीवर दिसला नाही तर जुनं प्रिस्क्रिप्शन काढून बघा. तो बहुधा वरच्या कोपऱ्यात किंवा सहीखालच्या शिक्क्यात सापडतो. कुठेच नसेल तर सरळ विचारा. विचारण्यात उद्धटपणा काही नाही, आणि नीट नोंदणी असलेला डॉक्टर तो एका दमात सांगतो.

नंबर सापडला की पुढचा प्रश्न, तो कोणत्या कौन्सिलचा? इथेच सर्वाधिक गल्लत होते. एमबीबीएस आणि त्यावरच्या पदव्यांची नोंद महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलकडे असते. त्यांचे जुने क्रमांक नुसते आकडे असतात, तर नव्यांचे तीन भाग पडतात: वर्ष, महिना आणि अनुक्रमांक, मध्ये तिरप्या रेघा. आयुर्वेद आणि युनानीच्या डॉक्टरांची नोंद महाराष्ट्र कौन्सिल ऑफ इंडियन मेडिसिनकडे होते. त्यांचा क्रमांक ‘आय’ या इंग्रजी अक्षराने सुरू होतो. दंतवैद्यांचं कौन्सिल वेगळं, त्यांच्या आकड्यांआधी ‘ए’ असतो. होमिओपॅथीचं कौन्सिलही वेगळं, पण त्याचे क्रमांक नुसते आकडे असल्याने मेडिकल कौन्सिलच्या जुन्या क्रमांकांसारखेच दिसतात. म्हणून ‘रजि. नं.’ एवढंच लिहिलं असेल तर कौन्सिलचं नाव विचारून घ्या.

नंबर तपासताना कुठे अडतं

महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलच्या संकेतस्थळावर नावाने किंवा क्रमांकाने डॉक्टर शोधता येतो. नॅशनल मेडिकल कमिशनच्या संकेतस्थळावर देशभराची यादी आहे, पण ती राज्याच्या यादीपेक्षा मागे असू शकते. मुंबईच्या डॉक्टरसाठी आधी राज्याची यादी बघा. काही दवाखान्यांत आता क्यूआर कोडही लावलेला असतो. तो स्कॅन केल्यावर कौन्सिलच्याच पानावर जातोय ना, एवढं पाहून घ्या.

नाव सापडलं नाही म्हणून लगेच ‘बोगस’ ठरवू नका. बाईंची नोंदणी माहेरच्या आडनावाने असते आणि पाटी सासरच्या नावाने, हे फार ठिकाणी आढळतं. आडनाव आधी की नाव आधी, वडिलांचं नाव मध्ये आहे की नाही, इंग्रजी स्पेलिंगमध्ये ‘व्ही’ आहे की ‘डब्ल्यू’, अशा बारक्या फरकांनीही शोध रिकामा येतो. म्हणून क्रमांकाने शोधणं सर्वांत खात्रीचं. शिक्षण दुसऱ्या राज्यात झालं असेल तर जुना क्रमांक त्या राज्याचा असतो. पण मुंबईत कायम प्रॅक्टिस करायची तर महाराष्ट्राची नोंदणी घ्यावी लागते.

पान उघडलं की तीन गोष्टी बघा. नाव जुळतं का. नोंदणीची मुदत संपलेली नाही ना. ती दर पाच वर्षांनी नूतनीकरण करावी लागते आणि त्यासाठी डॉक्टरांना त्या काळात शिक्षणाचे ३० क्रेडिट पॉइंट जमवावे लागतात. तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची: पाटीवरची एमडी किंवा एमएस तिथे ‘अतिरिक्त अर्हता’ म्हणून नोंदलेली आहे का. नुकतंच पास झालेल्या डॉक्टरची नोंद व्हायला वेळ लागतो, ते समजून घेता येतं. पण दहा वर्षं पाटीवर झळकणारी पदवी नोंदवहीत नसेल तर ती कुठून मिळवली हे विचारायलाच हवं.

पाया कोणता

कोणत्याही डॉक्टरची पहिली पदवी हा पाया. एमबीबीएस म्हणजे साडेचार वर्षं शिक्षण आणि एक वर्ष इंटर्नशिप, एकूण साडेपाच. बीएएमएस, बीएचएमएस आणि बीयूएमएसलाही तेवढीच वर्षं लागतात, पण अभ्यासक्रम अनुक्रमे आयुर्वेद, होमिओपॅथी आणि युनानीचा. बीडीएस दातांचं, पाच वर्षांचं.

मुंबईच्या वस्त्यांमध्ये, विशेषतः उपनगरांत, गल्लीतला ‘फॅमिली डॉक्टर’ अनेकदा बीएएमएस किंवा बीएचएमएस असतो. वर्षानुवर्षं घराघरातली माणसं ओळखणारे, कधी पुढे पाठवायचं हे नेमकं कळणारे असे कितीतरी चांगले डॉक्टर आहेत. तरीही पाया काय ते तुम्हाला माहीत असावं, कारण कोणती औषधं लिहून देण्याचा अधिकार आहे ते त्यावरच ठरतं. आयुर्वेद पदवीधरांना महाराष्ट्रात कायद्याने आधुनिक औषधं वापरण्याची मर्यादित मुभा आहे. होमिओपॅथीच्या डॉक्टरांसाठी २०१४ च्या कायदा-दुरुस्तीनंतर आधुनिक औषधशास्त्राचा एक वर्षाचा अभ्यासक्रम सुरू झाला. त्यालाच सीसीएमपी म्हणतात, आणि तो वादाचा व न्यायालयीन लढ्याचा विषय राहिला आहे. मुभा नसताना दुसऱ्या पद्धतीचं औषध देणं हा स्वतःच निष्काळजीपणा ठरतो, असं सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्येच म्हटलं आहे. ते प्रकरण मुंबईतल्याच एका रुग्णाचं होतं: तापावर होमिओपॅथीच्या डॉक्टरने ॲलोपॅथीची औषधं दिली आणि रुग्ण दगावला.

एमडीनंतरचा कंस वाचा

‘एमडी’ ही दोन अक्षरं पाहून आपण निर्धास्त होतो. पण त्यांचा अर्थ पुढचा कंस ठरवतो. एमडी मेडिसिन म्हणजे फिजिशियन. एमडी पेडिॲट्रिक्स मुलांचे, एमडी चेस्ट फुप्फुसांचे, एमडी सायकिॲट्री मनोविकारांचे. एमडी फार्माकॉलॉजी, मायक्रोबायॉलॉजी, कम्युनिटी मेडिसिन याही खऱ्या तीन-तीन वर्षांच्या पदव्या आहेत, पण त्यांचं काम प्रयोगशाळेत, महाविद्यालयात, सार्वजनिक आरोग्यात. मधुमेहाच्या रुग्णाने त्या बळावर डॉक्टर निवडू नये. एमडी आयुर्वेदातही असते, होमिओपॅथीतही असते. ‘एमएस’चंही तसंच. कंसात ‘जनरल सर्जरी’ किंवा ‘ऑर्थोपेडिक्स’ असेल तर पाया एमबीबीएस, ‘शल्यतंत्र’ असेल तर आयुर्वेद. आयुर्वेदाच्या या शाखेला आणि डोळे-कान-नाक-घशाच्या ‘शालाक्यतंत्रा’ला मिळून कोणत्या शस्त्रक्रिया करता येतात, त्यांची ५८ प्रकारांची यादी नोव्हेंबर २०२० च्या अधिसूचनेत आहे.

आणखी एक गफलत परदेशी पदवीची. रशिया, युक्रेन, फिलिपिन्स इथल्या पहिल्याच पदवीला तिकडे एमडी म्हणतात. आपल्याकडे ती एमबीबीएसच्या बरोबरीची धरली जाते, आणि तीही इथली एफएमजीई परीक्षा पास झाल्यावर. ३०० पैकी १५० गुण मिळवून ही परीक्षा पास झालेला डॉक्टर नियमाने पूर्ण पात्र आहे, त्याच्याविषयी शंका घेण्याचं कारण नाही. पण पाटीवर ‘एमडी (रशिया)’ असेल आणि एमबीबीएस कुठेच नसेल तर तो जनरल प्रॅक्टिशनर समजा, स्पेशालिस्ट नाही.

‘एमडी (अल्टरनेटिव्ह मेडिसिन)’, ‘एमडी (एएम)’ किंवा इलेक्ट्रोहोमिओपॅथीची पदवी असेल तर तिथून परत फिरा. त्या पदव्यांवर वरच्यापैकी कोणत्याही कौन्सिलची नोंदणी मिळत नाही.

डीएनबी ही एमडी-एमएसच्या तोडीची पदवी. ती राष्ट्रीय परीक्षा मंडळ देतं, म्हणून पुढे ‘नवी दिल्ली’ लिहिलेलं असतं. डॉक्टर दिल्लीत शिकले असा त्याचा अर्थ नाही. हिंदुजा, जसलोक यांसारख्या मुंबईतल्या खासगी रुग्णालयांतही डीएनबीचं प्रशिक्षण होतं. तसंच ‘मुंबई’ आणि ‘नाशिक’चं. महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ १९९८ मध्ये नाशिकला स्थापन झालं. त्यामुळे केईएम, नायर, सायन, जे. जे. या मुंबईच्याच कॉलेजांत शिकलेल्या नंतरच्या डॉक्टरांच्या पदवीवर नाशिकच्या विद्यापीठाचं नाव येतं. नाशिक वाचून कमी लेखू नका.

डिप्लोमा साधारण दोन वर्षांचा: डीसीएच मुलांचा, डीजीओ बायकांचा, डीए भुलीचा, डी-ऑर्थ हाडांचा. जुन्या पिढीतल्या अनेक उत्तम डॉक्टरांनी हाच घेतलाय. मुंबईत कॉलेज ऑफ फिजिशियन्स अँड सर्जन्स ही १९१२ पासूनची संस्था असे डिप्लोमा आणि एफसीपीएस ही फेलोशिप देत आली. त्यांच्या मान्यतेचे नियम मधल्या काळात अनेकदा बदलले, म्हणून तिथली पदवी असेल तर कौन्सिलच्या नोंदीत ती आहे का, एवढं पाहा.

त्यावरची पायरी डीएम आणि एमसीएच, म्हणजे सुपरस्पेशालिटी. एमडीनंतर तीन वर्षं शिकून डीएम कार्डिऑलॉजी, न्यूरॉलॉजी, नेफ्रॉलॉजी, गॅस्ट्रोएन्टेरॉलॉजी, एन्डोक्रायनॉलॉजी. एमएसनंतर एमसीएच. राष्ट्रीय मंडळाची याच दर्जाची पदवी आता ‘डीआरएनबी’ म्हणून लिहितात.

शेपटाकडचं वजन

पदव्यांनंतर जी अक्षरं येतात ती सगळी खोटी नसतात, पण सगळ्यांचं वजन एक नसतं. एमआरसीपी, एमआरसीओजी या ब्रिटनच्या कठीण परीक्षा आहेत. एफआयसीपी, एफएसीसी यांसारख्या फेलोशिप हे संस्थेने काम पाहून दिलेले मान आहेत. काही ‘फेलोशिप’ वर्ष-दोन वर्षांच्या प्रत्यक्ष प्रशिक्षणाच्या, काही मोजक्या दिवसांच्या कार्यशाळेच्या. म्हणून एकच प्रश्न विचारा: ‘डॉक्टर, ही फेलोशिप किती दिवसांची होती आणि कुठे केलीत?’ पूर्णवेळ एखाद्या विभागात वर्षभर घासलेला माणूस विभागाचं आणि तिथल्या सरांचं नाव आपणहून सांगतो.

‘कन्सल्टंट’ ही पदवी नाही. ‘लॅप्रोस्कोपिक सर्जन’ म्हणजे बहुधा एमएस जनरल सर्जरी आणि पुढचं प्रशिक्षण. ‘डायबेटॉलॉजिस्ट’ हा शब्द एमबीबीएसनंतर वर्षभराचा अर्धवेळ कोर्स केलेलाही लावतो आणि एमडी मेडिसिनही. हार्मोन्सचं पूर्ण शिक्षण घेतलेला तो एन्डोक्रायनॉलॉजिस्ट. साध्या मधुमेहाला चांगला फिजिशियन पुरतो. पण लहान वयात इन्सुलिन लागलं, थायरॉइडसोबत मेंदूखालच्या पिट्युटरी ग्रंथीची शंका आली, तर डीएम एन्डोक्रायनॉलॉजीच गाठावा. ‘कॉस्मेटॉलॉजिस्ट’ (सौंदर्योपचार) आणि ‘ट्रायकॉलॉजिस्ट’ (केसांचे उपचार) पाहिलं तर डोळे उघडे ठेवा. त्वचेचा डॉक्टर म्हणजे एमडी, डीएनबी किंवा डिप्लोमा, त्वचारोग विषयातला. केसांचं प्रत्यारोपण ही शस्त्रक्रिया आहे, तिथे त्वचारोगतज्ज्ञ किंवा एमसीएच प्लास्टिक सर्जन हवा.

‘माजी रजिस्ट्रार, केईएम’ म्हणजे तिथे निवासी डॉक्टर म्हणून काम केलं. ‘लेक्चरर’ किंवा ‘असिस्टंट प्रोफेसर’ असेल तर पास झाल्यावर शिकवलंही. ‘ऑनररी’ म्हणजे पालिकेच्या किंवा ट्रस्टच्या रुग्णालयात मानद सेवा. पालिकेच्या रुग्णालयांत शेकड्यांनी रुग्ण पाहिलेल्या डॉक्टरचा हात बसलेला असतो, त्यामुळे हे शब्द मला मोलाचे वाटतात. पण ते पदवीची जागा घेत नाहीत.

एक पाटी जवळून

समजा, दादरच्या एका क्लिनिकवर लिहिलंय: ‘एमबीबीएस (मुंबई), एमडी (मेडिसिन), डीएम (कार्डिऑलॉजी), एफएसीसी, २० वर्षांचा हृदयरोगातला अनुभव’ आणि नोंदणी क्रमांक सुरू होतो २०११/०४ ने. आता हिशेब मांडा. इंटर्नशिप संपून २०११ च्या एप्रिलमध्ये नोंदणी. पुढे एमडीला तीन वर्षं, म्हणजे लवकरात लवकर २०१४. त्यावर डीएमची तीन, म्हणजे २०१७. हृदयरोगतज्ज्ञ म्हणून अनुभव त्याच्यानंतरच मोजायला हवा. मग ‘२० वर्षं’ आली कुठून? शिवाय २०११ ला पास झालेल्याची पदवी नाशिकच्या विद्यापीठाची असणार, ‘मुंबई’ नाही. कदाचित ते शहराचं नाव म्हणून लिहिलं असेल, तेवढ्यावर काही ठरत नाही. कदाचित डॉक्टर दुसऱ्या राज्यातून आले आणि २०११ ला फक्त इथली नोंदणी झाली. मग पदवीचं वर्ष वेगळं असेल आणि कौन्सिलच्या पानावर ते दिसेल. दिसलं नाही तर दुसरा डॉक्टर पाहा. हा हिशेब दोन मिनिटांचा आहे आणि पुष्कळ काही उघड करतो.

कोणाकडे कशासाठी

ताप, सर्दी, जुलाब, रक्तदाब, नेहमीच्या गोळ्या यांसाठी घरचा डॉक्टरच बरा. डोकं दुखतं म्हणून थेट न्यूरॉलॉजिस्टकडे गेलं की तपासण्यांवर पैसे जातात आणि चष्म्याचा नंबर बदललाय हे शेवटी कळतं. डोळ्यांत मात्र फरक लक्षात ठेवा: चष्म्याच्या दुकानातला ऑप्टोमेट्रिस्ट नंबर काढतो, काचबिंदू, मोतीबिंदू किंवा पडद्याचा आजार पाहणारा तो एमएस, डीएनबी किंवा डिप्लोमा असलेला नेत्रतज्ज्ञ. मनाच्या बाबतीत सायकिॲट्रिस्ट औषधं देतो. सायकॉलॉजिस्ट बोलून उपचार करतो, औषध लिहून देऊ शकत नाही. दोघांची गरज एकदम पडू शकते.

अपॉइंटमेंट घेतानाच रिसेप्शनला विचारा: ‘डॉक्टर एमडी मेडिसिन आहेत की चेस्ट?’ उत्तर ‘स्पेशालिस्ट आहेत’ एवढंच आलं तर परत विचारा.

ऑपरेशन ठरलं तर

इथे थोडा वेळ द्याच. ऑपरेशन नेमकं कोण करणार, की ‘सरांची टीम’? भूल कोण देणार आणि ते एमडी किंवा डीए आहेत का? बहुतेक जण सर्जनची चौकशी करतात आणि भूलतज्ज्ञाचं नाव बिल आल्यावर वाचतात. पण टेबलावर तुमचा श्वास त्याच्या हातात असतो. आदल्या दिवशी त्याने येऊन तपासलं पाहिजे, दमा, ॲलर्जी, कवळी, आधीची भूल, सगळं विचारलं पाहिजे. तो आलाच नाही तर आग्रह धरा.

रात्री वॉर्डात कोण? छोट्या नर्सिंग होममध्ये रात्रीचा आरएमओ, म्हणजे निवासी डॉक्टर, अनेकदा बीएएमएस किंवा बीएचएमएस असतो. डोळ्यांच्या किंवा हर्नियाच्या साध्या केसला चालून जातं. पण वयस्कर, हृदयाचा रुग्ण, मोठं ऑपरेशन असेल तर रात्री फिजिशियन किती वेळात पोहोचेल आणि आयसीयू त्याच इमारतीत आहे का, हे स्पष्ट विचारा. संमतीपत्रावर सर्जनचं नाव आणि ऑपरेशनचं नाव लिहिलेलं असल्याशिवाय सही करू नका. कोऱ्या फॉर्मवर तर कधीच नाही. नर्सिंग होमचं स्वतःचं नोंदणी प्रमाणपत्रही दर्शनी भागात लावलेलं असतं. मुंबईत ते पालिका देते, १९४९ च्या कायद्याखाली.

लॅबचं थोडक्यात: रिपोर्टवर पॅथॉलॉजीतल्या पदव्युत्तर डॉक्टरची सही हवी, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये स्पष्ट केलंय. डीएमएलटी झालेला तंत्रज्ञ चाचणी करतो, रिपोर्टवर अंतिम सही त्याची चालत नाही. ॲपवरून सल्ला घेतलात तर मार्च २०२० च्या टेलिमेडिसिन नियमांप्रमाणे त्या प्रिस्क्रिप्शनवरही नोंदणी क्रमांक लागतो.

जुळलं नाही तर

आधी कागद जमवा. पाटीचा फोटो, प्रिस्क्रिप्शन, पावती, कौन्सिलच्या पानाचा तारखेसह स्क्रीनशॉट. उपचारांच्या कागदपत्रांची मागणी लेखी करा. आचारसंहितेनुसार ती ७२ तासांत द्यायची असतात आणि आंतररुग्णांची तीन वर्षं जपून ठेवायची असतात.

नोंदणीच नसेल तर तक्रार त्या विभागाच्या पालिका कार्यालयात, वैद्यकीय आरोग्य अधिकाऱ्याकडे, आणि पोलिसांत. नोंदणी आहे, पण पदवी फुगवून लावलीय किंवा स्पेशालिटीचा खोटा दावा आहे, तर महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलकडे, ज्यांचं कार्यालय आर्थर रोड नाक्याजवळ आहे. कौन्सिल समज देऊ शकते, नोंदणी काही काळ स्थगित करू शकते, रद्दही करू शकते. नुकसानभरपाई मात्र कौन्सिल देत नाही, त्यासाठी ग्राहक आयोग, आणि तिथे साधारण दोन वर्षांच्या आत जावं लागतं. आयुर्वेद, होमिओपॅथी, दंतवैद्य यांच्या तक्रारी त्यांच्या-त्यांच्या कौन्सिलकडे. चुकीच्या कौन्सिलकडे गेलेला अर्ज महिने खातो, म्हणून अर्ज लिहिण्याआधी पाटीवरचा तो नंबर पुन्हा एकदा काढून बघा.